सरवा

मावशी ओसरीत सूप घेऊन बसली होती आणि तांदळातून तांदूळ वेचून काढत होती. आधी मला वाटलं खडे निवडतेय. चष्मा लावून वाकून पाहिलं, तर शेजारच्या जर्मनच्या वाटीत खडे नव्हतेच. किंचित पिवळट, जरा गुळगुळीत, एका मापाचे पन्नासेक दाणे होते.

"हे काय वं मावशी?"

"पलाष्टिक हाये त्यात. राशनवाल्या तांदळात टाकून देते. पाण्यात टाकलं का वर तरंगते, पाय."

भिवापूर तालुक्यातलं हे माझं आजोळ. आजोबा गेले, मामांनी अर्धं शेत विकलं, उरलेलं ठेक्यानं दिलं. आता वर्षातून एकदा, सातबाऱ्याचं नाही तर वाटणीचं काहीतरी निघालं की मी नागपूरहून येते. पूर्वी नागभीडच्या छोट्या लाइनीनं यायचो. ती गाडी 2019 मध्ये बंद झाली, तेव्हापासून उमरेडवरून एसटी. मावशी काही नात्यातली नाही. आजोबांच्या शेतावर ती कामाला होती. पण लहानपणापासून मावशीच म्हणत आल्यानं आजही गावात उतरले की वाड्याच्या आधी पाय तिच्या घराकडे वळतात.

त्या दाण्यांबद्दल मला माहीत होतं ते मी सांगितलं. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 घालून यंत्रातून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात, 100 किलोला 1 किलो या प्रमाणात मिसळतात, रक्त वाढावं म्हणून. मावशीनं ऐकून घेतलं. हात थांबला नाही. "रक्त वाढवाचं हाये तं दाय द्या म्हणा," एवढंच म्हणाली आणि आणखी एक दाणा वाटीत टाकला. वाटी भरली की कोंबड्यांना.

तिचे हात पाहताना मला दुसरंच आठवत होतं. याच हातांना मी वेचताना पाहिलं आहे, पण तेव्हा ते वेचून घरात आणायचे.

सरवा हा शब्द आमच्या नागपुरातल्या मुलांना सांगावा लागतो. पीक निघाल्यावर शेतात जे सांडतं, सुटतं, मातीत राहतं, ते सरवा. जवारीची गळालेली कणसं, तुरीच्या फुटलेल्या शेंगा, भुईमूग उपटल्यावर जमिनीत राहिलेल्या शेंगा, धानाच्या लोंब्या. ते मालकाचं नसतं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शेत मोकळं झालं की बायाबापड्यांनी, पोरांनी त्यात शिरायचं आणि कोणी हटकायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 1979-80 च्या सुमाराला, मी नऊ-दहा वर्षांची असताना, मावशीच्या मागे हट्टानं गेले होते. सकाळचं दव, जवारीचे धसकटं पायाला टोचतात म्हणून मी धुऱ्यावर उभी आणि ती कमरेत वाकून सरळ तासानं चाललेली. पदराच्या ओटीत कणसं. मध्येच तिनं एक कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली, कोवळे दाणे माझ्या तळहातावर ठेवले. दुपारपर्यंत ओटी तीनदा रिकामी झाली. संध्याकाळी अंगणात मोगरीनं बडवून, सुपानं पाखडून दीड पायली जवारी निघाली. तिनं ती पायलीनं मोजली, मग परत मोजली. दुसऱ्या वेळेला का मोजतेय ते मला कळलं नव्हतं.

आजोबा जेवताना म्हणायचे, "घेऊ द्या बिचारीले." मोठ्या मनाचा माणूस म्हणून गावात त्यांचा मान होता. त्याच शेतात ती चार महिने निंदण करत होती, कापणी तिनंच केली होती आणि सांडलेलंही तिच्याच हातून सांडलं होतं, हा हिशेब आमच्या वाड्यात कोणी मांडला नाही. मीही कितीतरी उशिरा मांडला.

त्या काळाचं गोड चित्र मला काढायचं नाही. मावशीच काढू देणार नाही. 1972 मध्ये ती सतरा-अठरा वर्षांची, नवीन लग्न झालेली. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो जवारीची आठवण काढली की आजही तोंड वाकडं करते, "थे तं ढोरायचं खाणं होतं." भादव्यात घरातलं संपलेलं असायचं आणि शेतातलं यायचं असायचं. तेव्हा जवारीच्या मूठभर कण्या भरपूर पाण्यात शिजवून, तरोट्याचा पाला घालून, मीठ टाकून सगळ्यांना पुरवायचं. तिची पहिली दोन लेकरं वाचली नाहीत. कशानं गेली हे तेव्हा कोणी विचारलं नाही, तिलाही माहीत नाही. आज तिच्या घरात चूल पेटत नाही असा दिवस नसतो. हे राशनमुळे आहे आणि ते कबूल न करता पुढे जाणं लबाडीचं होईल. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला, तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो झाला. कोरोनात एप्रिल 2020 पासून माणशी 5 किलो जास्तीचा मिळाला, आणि जानेवारी 2023 पासून हक्काचं धान्य सगळं फुकट. गावात पोती उतरतात तेव्हा दिसतं ते खरं आहे: भूक, पूर्वीची पोट पाठीला लागणारी भूक, हटली आहे.

मग मावशीच्या सुनेचं हिमोग्लोबिन आठ का?

तो आकडा मला तिनंच दाखवला, तालुक्याच्या दवाखान्यातल्या चिठ्ठीवर. तिशीतली बाई. बोलताना दम लागतो, त्यावर हसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे 2019-21 च्या, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांत 54 जणींना रक्तक्षय निघाला. आधीच्या फेरीत हा आकडा 48 होता. मधल्या वर्षांत दुकानातून पोती येत राहिली आणि आकडा चढला. पाच वर्षांखालच्या शंभरात 35 मुलं वयाच्या मानानं खुजी. पोट भरलेलं आणि अंगाला काही न लागलेलं, अशी ही अवस्था आहे. तिला मराठीत अजून धड शब्द नाही.

मी कागद घेऊन बसले. मावशी, मुलगा, सून, दोन नातवंडं अशी पाच माणसं. कार्डावर नावं चारच. धाकटा नातू तीन वर्षांचा झाला तरी त्याचं नाव चढलेलं नाही, कारण 'इष्टांक संपला'. हा शब्द मावशीलाही पाठ आहे. कायद्यानं महाराष्ट्राच्या वाट्याला साधारण 7 कोटी माणसं आली, ती 2011 च्या जनगणनेवरून. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे कोणाचं नाव उतरल्याशिवाय दुसऱ्याचं चढायला जागा नाही. "कोणी मेलं का मंग याचं लागते," सून म्हणाली. हसत नव्हती.

तर चार नावांचे 20 किलो. पाच माणसांत वाटले तर दिवसाला माणशी 133 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सुचवलेल्या दिवसाच्या ताटात धान्य 250 ग्रॅम आहे, म्हणजे निम्मं दुकानातून येतं, उरलेलं विकत. हे एकवेळ जमतं. त्याच ताटात डाळ माणशी 85 ग्रॅम सांगितली आहे, म्हणजे या घराला महिन्याला पावणेतेरा किलो. पोरांचं कमी धरू, दहा धरू.

"महिन्याची दाय किती आणते?"

सुनेनं मावशीकडे पाहिलं. "आठोड्याच्या बाजारात पाव-अर्धा किलो. कधी नाही बी."

म्हणजे महिन्याला फार तर एक-दोन किलो. 2015 मध्ये तूरडाळ 200 रुपयांवर गेली होती तेव्हा वरणाचं पाणी झालं आणि नंतर भाव उतरले तरी ते पुन्हा घट्ट झालंच नाही. जीभेला सवय लागते. दिवाळी 2022 ला सरकारनं 100 रुपयांत आनंदाचा शिधा काढला: रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि पामतेल लिटरभर. त्या चणाडाळीचं काय केलं विचारलं, तर मावशीचा चेहरा उजळला. "पातोडी केली. दोन दिवस पुरोली." तेव्हाची पातोडी आजही तिच्या लक्षात आहे.

आणि ही डाळ, हा पाला, हे सगळं पूर्वी कुठून यायचं? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नापाशी अडतं. मावशीच्या घरात तेव्हा भाकर अपुरी होती, पण भाकरीसोबतचं जे काही होतं ते विकत घ्यावं लागत नव्हतं. जवारीच्या तासात मूग, उडीद, बरबटी असायची. कपाशीच्या कडेनं अंबाडी: पाला भाजीला, साल दोराला, बोंडं चटणीला. धुऱ्यावर तूर. पावसाळ्यात तरोटा, चिवळ, घोळ या रानभाज्या पांदणीत आपोआप. मजुरीचे काही दिवस धान्यात मिळायचे. यातलं एकेक तुटपुंजंच. पण दारं पाच-सहा होती. एक लागलं तर दुसरं किलकिलं असायचं.

मग सोयाबीन आलं. मी त्याला शिव्या घालणार नाही. आमच्याच मामांनी घरावर स्लॅब टाकला तो सोयाबीनच्या पैशातून. जूनच्या शेवटी पेरलं की शंभर दिवसांत हातात पैसा, हे कोण नाकारेल? पण ते पीक एकट्यानं राहतं. सलग पेरा, वर तणनाशकाची फवारणी. ते औषध तणासोबत चिवळ आणि घोळही जाळतं. त्याला काय ठाऊक कोणतं तण मावशीच्या ताटातलं आहे. जवारी परत पेरा म्हणावं तर एकट्यानं पेरून भागत नाही. शिवारात एकाच शेतात जवारी उभी राहिली की साऱ्या गावची पाखरं आणि रात्री रानडुकरं तिथेच. कऱ्हांडल्याचं जंगल जवळ आहे. मामांनी एक वर्ष हौसेनं अर्धा एकर पेरली. मळ्यावर राखायला माणूस ठेवला त्याची मजुरी निघाली नाही. कडबा तेवढा मिळाला.

लाखोळीची गोष्ट तर वेगळीच. धान कापायच्या आधी उभ्या बांध्यांतच ती फेकायची. ओलीवर उगवते, ना नांगर, ना खत, ना पाणी. आमच्या भागात गरिबाची डाळ म्हणजे लाखोळी. दुष्काळात महिनोन् महिने नुसती तीच खाल्ली तर पायांतलं बळ जातं, हे खरं. म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. ही बंदी उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षं लढले, उपोषणं केली. माझ्या वडिलांना हा माणूस वेडा वाटायचा. मला आता तसं वाटत नाही. डाळीत दोष होता, पण ती नुसतीच खावी लागते हा दोष डाळीचा नव्हता. मावशी मात्र बंदीबिंदी ओळखत नाही. "आमी तं खातच होतो. वडे लय चांगले लागते."

सरवा अजून आहे, बरं का. दिवाळीच्या आधी सोयाबीन निघालं की मावशीची सून पहाटे घमेलं घेऊन जाते. हार्वेस्टर फिरलेल्या शेतात शेंगा बऱ्याच सुटतात. दोन-तीन तासांत तीन-चार किलो दाणा होतो. पण तो घरात येत नाही. सोयाबीनचं वरण होत नाही, भाकर होत नाही. गावातल्या किराणा दुकानात तो वजन करून टाकायचा आणि दुकानदार देईल तो भाव घ्यायचा. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. तो बाजार समितीत पोत्यानं नेणाऱ्यालाच धड मिळत नाही, तर घमेल्याला कुठला? त्या पैशात सून तेलाची पिशवी आणते. सोयाबीन तेलाची. शेतात वेचलेलं फिरून घरी आलं म्हणायचं, पण मध्ये केवढ्या जणांनी हात मारला!

त्या सकाळी राशनचा दिवस होता म्हणून मी मावशीसोबत दुकानापर्यंत गेले. ई-पॉस मशीनवर तिनं अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून परत ठेवला. लाल. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "माय, दुसरं बोट लाव." दुसरं, तिसरं, डाव्या हाताचं. मागे रांग. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. थंडीचे चार महिने ती मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी जाते, देठ खुडायला. भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिच्या अंगठ्यावरच्या रेषा मात्र त्या मिरचीनं आणि तिच्या आधीच्या पन्नास वर्षांच्या निंदणानं खाऊन टाकल्या आहेत. बोटाचं टोक काचेसारखं गुळगुळीत, त्या वाटीतल्या दाण्यांसारखं. शेवटी नातीला शाळेतून बोलावलं. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कोणाचाही अंगठा चालतो. नऊ वर्षांच्या पोरीचं बोट लागलं, हिरवा दिवा लागला, यंत्रातून बाई बोलली. पोरगी परत शाळेत पळाली, कारण खिचडीची वेळ होत आली होती.

ही खिचडी, हे मला या सगळ्यात सर्वांत खरं वाटतं. 1995 मध्ये योजना आली तेव्हा पोरांना महिन्याला 3 किलो तांदूळ घरी द्यायचे. मग सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये सांगितलं, शिजवून द्या. आणि शिजवायचं म्हटल्यावर तांदळासोबत डाळ आली, तेल आलं, हळद-मीठ आलं. कच्चं धान्य हातात दिलं की जबाबदारी संपते, शिजवायला बसलं की मग ताट दिसतं. मावशीच्या नातीच्या अंगात जे काही आहे त्यात शाळेचा वाटा घरापेक्षा मोठा असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती उतरते, असं तिची आई सांगते.

एक गोष्ट मात्र मला चीड आणते. ग्रामीण भागात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 44,000 च्या आत असेल तरच प्राधान्य कुटुंबाचं कार्ड. ही मर्यादा कायदा लागू झाला तेव्हाची. 2025-26 मध्ये रोजगार हमीचा दर 312 रुपये होता. एका माणसानं वर्षात 142 दिवस या दरानं काम केलं की घर मर्यादेच्या बाहेर! म्हणजे तहसीलात दाखला काढताना गरिबानं एकतर खोटं बोलायचं नाही तर रिकामं बसायचं. सगळे खोटं बोलतात, तलाठ्यापासून सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते खोटं मावशीच्या नावावर राहतं आणि कधीतरी कोणी तपासायला आलं की घाबरायचं तिनं.

नागपुरात राहून हे सगळं लांबचं वाटतं, तसं ते नाही. कळमन्याच्या बाजारात पोती उतरतात तिथे ट्रक गेल्यावर बाया झाडू घेऊन येतात. सांडलेला गहू, तूर, हरभरा मातीसकट गोळा करतात, भिंतीच्या आडोशाला वाऱ्याकडे तोंड करून सुपानं पाखडतात. मी एकदा गाडी लावून बराच वेळ बघत राहिले. एकीनं विचारलं, "काही सांडलं का बाई तुमचं?" काय सांगणार.

निघताना मावशीनं काय काय बांधून दिलं. वाळवलेली हरभऱ्याची भाजी, थोडी लाखोळी, चार मिरच्या. मी नको म्हटलं की रागावते म्हणून घेतलं. एसटी यायला वेळ होता. ती आत गेली आणि वहीच्या कागदाची पुडी घेऊन आली. वाटीतले दाणे.

"तिकडं कोणाले दाखव. खरं सांग मंग मले."

घरी आल्यावर दोन दिवस पुडी ओट्यावर पडून होती. तिसऱ्या दिवशी छोट्या पातेल्यात पाणी ठेवलं, ते पन्नास-साठ दाणे टाकले. आधी वर तरंगले, मग खाली बसले, फुगले. सात-आठ मिनिटांत मऊ. बोटात दाबून पाहिले, भाताच्या शितासारखं शित. चमचाभर पांढरा गोळा वाटीत काढला आणि तिच्या मुलाच्या मोबाइलवर फोन लावला.

"मावशी, शिजले वं. प्लास्टिक नाही. तांदूळच आहे."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ती थोडा वेळ काही बोलली नाही.

"बरं," म्हणाली. "मंग तू खाल्ले का?"

आमच्या घरी कोलम येतो. वाटी ओट्यावर तशीच होती, वाफ जाऊन दाणे एकमेकांना चिकटले होते.